मशीनचा मानपान

आमच्या वहिनींइतकी न्यायी बाई अख्ख्या सेलूत झाली नाही, आणि त्या न्यायापायी सगळ्यांत जास्त हाल आमच्या दादाचे झाले, हे मी त्याचा सख्खा भाऊ म्हणून सांगतो. दारात पाहुणा असो की मांजर, घरच्या माणसाचं ताट शेवटी. लग्नाच्या पंगतीत दादा बसायला निघाला की वहिनी नुसतं बघायच्या आणि तो निमूट वाढायला लागायचा.

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडतीवर त्या हिशेबाला होत्या. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकून चालवणाऱ्या अख्ख्या मोंढ्यात त्या एकट्या. हे मी स्टेशनवर अनोळखी माणसांनाही सांगत असे. मशीन सुरू होताच आपोआप काय काय चालावं, ते एका फाईलमध्ये ओळीओळीने लिहायचं असतं, हे कळल्याबरोबर तिन्ही भागीदारांना आपापला मान आठवला. थोरल्या शेठजींना लक्ष्मीचं चित्र, मधल्यांना आरतीचा सूर, धाकट्यांना कोपऱ्यात घड्याळ. सगळ्यांचं करून झाल्यावर वहिनींनी हळूच स्वतःचीही एक ओळ घातली, उखाण्याची: "मोंढ्यात आली तूर, घरात शिजली डाळ, दत्तरावांचं नाव घेते मशीनवर सकाळ-सकाळ." इंग्रजी अक्षरांत का होईना, दादाचं नाव रोज पडद्यावर उमटायचं. बँकेत जाताना वाट वाकडी करून तो ते बघून यायचा.

पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त. त्या दिवशी मशीन अडलं तर ते परत आणि वहिनी घरी, असं थोरल्या शेठजींनी बजावलेलं. गाड्या लागल्या, वहिनींनी बटण दाबलं. लक्ष्मी आली, आरती झाली, घड्याळ बसलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लावलेल्या पावत्यांच्या प्रोग्रॅमला आत मेमरीत जागाच उरली नाही.

"ही पंगत उठवावी लागंल," वहिनी म्हणाल्या.

"माझी लक्ष्मी उठवायलात? मुहूर्ताला?" शेठजी कडाडले.

"समद्यात आधी माझ्या घरचं उठवायले," म्हणत त्यांनी पहिली पुसली ती दादाची ओळ. मग बोलायला कुणाला तोंड उरलं नाही. बाकीच्या तिन्ही ओळी शेठजींच्या डोळ्यांदेखत गेल्या, मशीन पुन्हा सुरू झालं आणि पहिली पावती करकरत बाहेर आली. शेठजींनी ती कपाळाला लावली. "बाई, तुमचा कारभार लय कडक हाय," एवढंच म्हणाले.

दादा पुढेही तशीच वाट वाकडी करून जायचा आणि कोरा पडदा बघून यायचा. "माझ्या बायकोनं काढलं," तो छाती फुगवून सांगायचा, "दुसऱ्या कुनाची टाप हाय का?"

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मी ही गोष्ट मोठ्या ऐटीत एका पाहुण्याला सांगत होतो. वहिनी ऐकत होत्या. पाहुणा गेल्यावर म्हणाल्या, "भावजी, त्या उखाण्याच्या वळीनं काईच जागा अडत नव्हती. मला तवाच ठाव होतं."