तेल पाजलेली रायफल

माझं शेवटचं पोस्टिंग आर्क्टिकमध्ये होतं. जन्म वसईचा, नोकरी कॅनडाच्या आर्मीत, हुद्दा सार्जंट, काम शस्त्रदुरुस्तीचं. लोकांना वाटतं तिथे शत्रू असेल. तिथे वारा असतो, उणे चाळीस थंडी असते आणि पांढरं अस्वल असतं. अस्वलासाठी प्रत्येक तंबूला एक जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल मिळायची. दिसायला ओबडधोबड, पण बोल्ट ओढून ट्रिगर दाबला की गोळी जायची म्हणजे जायचीच. नियम दोनच. रायफल तंबूबाहेर ठेवायची, कारण उबेत आणली की तिला घाम सुटतो आणि बाहेर तो गोठतो. आणि बोल्टमध्ये तेलाचा थेंब नको. त्या थंडीत तेलाचं मेण होतं आणि बोल्टच्या आतली फायरिंग पिन गोळीवर जोरात आपटत नाही.

हे आत्ता सांगायचं कारण माझा मेव्हणा विल्सन. रिचमंड हिलला आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो, घरं विकतो. गेल्या विंटरमध्ये त्याने एक जुनी रायफल घेतली आणि माझ्या बेसमेंटमधलं वर्कबेंच अडवून बसला. जुनं लाकूड फेकलं, अक्रोडाचा नवा दस्ता बसवला, बोल्टला आरशासारखं पॉलिश केलं. नवरीलासुद्धा कुणी इतकं नटवत नाही. हौस आहे, करू दे, म्हटलं.

मग एका शनिवारी म्हणाला, "भावोजी, नॉर्थला कॅरिबू हंटला चाललोय. रियापण येतेय." रिया त्याची मुलगी, कॉलेजात आहे.

"तंबूत राहणार? आणि अस्वल आलं तर?"

"ही आहे ना!" त्याने बोल्ट मागे-पुढे करून दाखवला. त्याचा अंगठा चकाकत होता.

"हे काय थापलंयस?"

"ग्रीस. हॅन्सन म्हणतो, बोल्ट लोण्यासारखा चालला पाहिजे." त्याने फोनवर व्हिडिओ लावला. "एक्स-आर्मी आहे, भावोजी. याला सगळं कळतं."

डोंबल कळतं! दाढी वाढली होती, पण चेहरा मी ओळखला. कॉर्पोरल हॅन्सन. माझ्याच सेक्शनमधला.

हॅन्सनला घरच्या गॅरेजमध्ये रायफली सजवायचा नाद होता. परेडला बूट मळके, पण गप्पा ट्रिगरच्या आणि पॉलिशच्या. आमच्या तंबूत तिघं होतो: मी, हॅन्सन आणि प्रायव्हेट ट्रॅम्ब्ले, ब्रॉसार्ड गावचा, नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा. एका संध्याकाळी मी रेडिओच्या तंबूत असताना हॅन्सनने तंबूची रायफल आत घेतली आणि बोल्टला मनसोक्त तेल पाजलं. मग ती पुन्हा बाहेर ठेवली. "बघ, आता कशी चालते," म्हणाला. ट्रॅम्ब्लेने वर त्याला आपल्या फ्रेंचमध्ये मॅर्सी, म्हणजे थँक्यू, म्हटलं. हे सगळं मला नंतर चौकशीत कळलं.

पहाटे ट्रॅम्ब्ले बाहेर सेन्ट्रीला, पहाऱ्यावर होता. उशाशी रेडिओ बोलला.

"सार्जंट, बेअर. थर्टी मीटर्स. फायरिंग."

मी उठलो. बाहेर नुसता खट्ट आवाज. बोल्ट ओढल्याचा आवाज. पुन्हा खट्ट. पुन्हा बोल्ट. पुन्हा खट्ट. मग ओरडणं. शेजारच्या तंबूबाहेरची रायफल उचलून मी गोळी झाडली. एकाच गोळीत अस्वल पडलं. हेलिकॉप्टर पोहोचायच्या आत ट्रॅम्ब्ले गेला.

हॅन्सन मला म्हणाला, "रायफलच जुनी होती, सार्ज." मी त्याच्या तोंडात मारली नाही, याचं आजही वाईट वाटतं. आणि तोच माणूस आता दुकान मांडून दुनियेला अक्कल शिकवतो. लाज कोळून प्यायलाय मेला!

त्या शनिवारी विल्सनला मी यातलं काहीच सांगितलं नाही. रायफल रिकामी आहे हे दोघांनी तपासलं. नळी वर धरून तिच्यात पेन्सिल सोडली आणि ट्रिगर दाबला. फायरिंग पिनच्या धक्क्याने पेन्सिल उडून छताला लागली.

"बघा!" विल्सन खूश.

"बघतो." मी बोल्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवला.

"माशांत बंदूक ठेवता?" माझी बायको सिसिलिया वरून ओरडली. "बोंबलांना ग्रीसचा वास लागला तर बघा!"

रविवारी चर्चमधल्या मासहून आल्यावर बोल्ट काढला, चढवला, पेन्सिल सोडली. ट्रिगर दाबला. पेन्सिल बोटभर हलली आणि परत आत बसली.

"परत मारा, भावोजी."

परत मारलं. तेच.

"हा फ्रीझर उणे अठरा आहे," मी म्हटलं. "तू जिथे चाललायस तिथे याच्या दुपटीने गारठा. आणि तुझ्या पाठीमागच्या तंबूत रिया झोपलेली असेल."

विल्सन जिन्याच्या पायरीवर बसला. तेव्हा मी त्याला ट्रॅम्ब्लेची गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत ऐकून घेतली त्याने. मग उठला, चिंधी घेतली आणि बोल्ट पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

"पहिल्यांदा गोळी उडाली नाही, तेव्हाच पळाला का नाही तो?" मान वर न करता त्याने विचारलं.

ट्रॅम्ब्लेच्या आईनेही मला हेच विचारलं होतं, ब्रॉसार्डच्या चर्चबाहेर, माझा हात धरून. तिला जे सांगितलं तेच विल्सनला सांगितलं. ट्रॅम्ब्लेच्या पाठीमागे तंबू होता. तंबूत मी होतो, आणि हॅन्सन होता. तो पोरगा आम्हा दोघांसाठी तिथे उभा राहिला.