मशीनच्या डोळ्याला कुंकू

मला राग येतो तो आधी माझाच, मग बाकीच्यांचा. लोक म्हणतात, जाऊ द्या की, झालं गेलं. कावून जाऊ द्यायचं?

चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे, विहिरीचं पाणी त्या खोलीतनं टाकीत चढतं. विहीर कापसाच्या रानाला लागून. फवारणीचं औषध पाण्यात झिरपायचं, तोंडाजवळ तांब्या नेला की वास यायचा. म्हणून खोलीत स्टीलची जाड नळी बसवली. आत काचेच्या नळकांड्यात अतिनील दिवा, आणि पाण्यात थेंब थेंब पेरॉक्साइड. दोन्ही मिळून ते औषध मोडून टाकतात. नळीच्या अंगाला एक छोटा सेन्सर, आम्ही त्याला डोळाच म्हणायचो. दिव्याचा उजेड पाण्यात किती पोचतो ते तो बघतो आणि भिंतीवरच्या डब्यात आकडा दाखवतो. आकडा हिरवा असला की पाणी सोडायचं, तांबडा झाला की बंद. रोज सकाळी आकडा बघून वहीत लिहायचं काम माझं. पाणी सोडायचं काम माझ्या चुलत दिराचं.

खंडेनवमीला दिरांनी खोली धुऊन काढली. पाने, पकडी, मोटर, सगळ्यांची पूजा मांडली. डोळाही फिरवून काढला आणि पाटावर ठेवला. "वैनी, ह्यालाबी लावा की," म्हणाले. मी बोट भरून कुंकू लावलं, ते नेमकं काचेवर. वर झेंडूचं फूल. हात जोडले. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली बाई मी! डोळा तसाच परत बसवला.

दसऱ्याला सकाळी आकडा तांबडा. आम्ही दोघं हसलो. दीर म्हणाले, "तुमी कुंकू लावलं, आता मशीनला दिसंना झालं." डोळा पुन्हा काढायचा तर मोटर बंद करून नळी रिकामी करावी लागते, आणि लाइट दुपारपर्यंतच. त्यात त्याच दिवशी ऊसतोडीला टोळ्या निघणार होत्या, ज्याचे त्याचे ड्रम भरायचे होते. "आज पाणी बंद केलं तर लोक मला फाडून खातील. उजेड हाय तेवढाच हाय, वैनी. कालचाच आकडा लिवा."

मी लिहिला. कुणी माझा हात धरला नव्हता.

माझी धाकटी जाऊ टोळीत चालली होती. सातवा महिना, तरी कोयता. जाऊ नको म्हणून मी लई भांडले, पण उचल घेतलेली, मुकादम ऐकतो होय? कारखान्याकडं पाण्याचे हाल असतात म्हणून तिनं माझ्याच नळाला दोन ड्रम भरले. पाइप मी धरला होता. "हे तुझ्या एकटीसाठी ठेव, दुसरं पिऊ नको," असं वर मीच बजावलं. संध्याकाळी ट्रॅक्टर गेला.

दुसऱ्या दिवशी सवडीनं डोळा काढला. कापसानं पुसून काच लखलखीत केली, परत बसवला. आकडा तांबडाच. मग आतलं काचेचं नळकांडं उपसलं. बंबाच्या तळाला बसतो तसा पांढरा, खडबडीत थर त्याच्यावर. आत दिवा जळतोय झकास, उजेड बाहेर येतोय कुठं?

वहीची मागची पानं उलटली. पंधरा दिवस आकडा रोज थोडा थोडा उतरत होता. हिरवा होता म्हणून तसाच लिहीत गेले, आदल्या दिवशीच्या आकड्याशी एकदाही ताडून बघितला नाही. माझंच अक्षर, माझीच सही.

"काच कधी धुतली होती?" मी दिरांवर ओरडले.

"कुणी सांगितलंय धुवायला?"

खरंच होतं. धुवायच्या औषधाचं कॅन खोलीत सीलबंद पडलेलं. मशीन बसवणारे नारळ फोडून, फोटो काढून गेले ते गेले, परत तोंड दाखवलं नाही. मुडदा बशिवला त्यांचा! आणि मला शिकवणाऱ्या मॅडमनी आकडा वाचायला शिकवलं, तो कशानं उतरतो ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. मी तरी कुठं विचारलं?

दिरांनी व्हॉल्व्ह बंद केला. मी जावेला फोन लावला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला.

"अगं, ते ड्रमातलं पाणी ओतून दे. एक घोटबी पिऊ नको."

"कावून, अक्का?"

मी सगळं सांगितलं. कुंकू, थर, वही, काही लपवलं नाही. मागं कुणीतरी उसाच्या मोळ्या मोजत होतं.

"अक्का, इथं फडाच्या कडंला पाटाचं पानी हाय. सकाळीच मालकानं वरच्या रानात औषध मारलं, त्येलाबी तसलाच वास येतोय. दुसरं कुठलं न्हाई. तुमीच सांगा, दोन्हीतलं कोणतं पिऊ?"