कशाबद्दल, ते सांगा

माझ्या सांगलीच्या क्लासला सगळे येतात ते मुलाखतीचं इंग्रजी शिकायला. तात्यासाहेब मात्र वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मंगळवार-शुक्रवार कुंडलहून एसटीनं यायचे, ते फक्त आभार मानायला शिकण्यासाठी. पहिल्या दिवशी मी हसलेच. "अहो तात्या, थँक्यू तर शेंबडं पोरसुद्धा म्हणतं!"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आयर्लंडमधल्या एका नर्सचं पत्र. तात्यांचा एकुलता एक मुलगा भरतेश तिकडे नोकरीला होता. अचानक आजारी पडला, आणि तात्यांचा व्हिसा होईपर्यंत गेला, हे मला पुढे त्यांच्या पुतण्याकडून कळलं. शेवटच्या दुपारी ही बाई त्याचा हात धरून बसली होती, एवढंच तिनं लिहिलं होतं. खाली फोन नंबर.

"पुतण्या बोलतो म्हणतोय," तात्या म्हणाले. "पर पोरगं माझं हुतं. बोलायचं मीच."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पडले मास्तरीण! म्हटलं, "नुसतं थँक्यू ते लोक चहाच्या कपालाही म्हणतात. कशाबद्दल, ते नेमकं सांगायचं. म्हणा, थँक यू फॉर सिटिंग विथ माय सन व्हेन ही डाइड."

तात्या 'माय सन'पर्यंत यायचे आणि अडायचे. चष्मा काढून पुसायचे. मग घाईघाईनं म्हणायचे, "थँक यू फॉर हेल्प."

महिनाभर हेच. माझं डोकं फिरायचं. एकदा क्लासमधल्या श्रद्धानं सहज विचारलं, "तात्या, मुलं काय करतात?" तर म्हणाले, "पोरगा असतोय की आयर्लंडला." मी फळ्याकडे तोंड फिरवलं. बायको आधीच गेलेली, घरात हा एकटा माणूस. त्याच्याशी काय भांडायचं? तरी पुढच्या 'हेल्प'ला भांडलेच. "कसली हेल्प, तात्या? तिनं काय तुमची पिशवी उचलून दिली का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढचा मंगळवार आले नाहीत, शुक्रवारही नाही. मीही एकटीच राहते, रविवार मला तसाही खायला उठतो. त्या रविवारी तर दोन घास गेले नाहीत.

सोमवारी क्लास सुटल्यावर दारात उभे. "बाई, लावा नंबर."

फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. तात्यांनी टोपी नीट केली, उभेच राहिले. "धिस इज भरतेश फादर." मग थांबले. चष्म्याकडे हात गेला, पण काढला नाही.

"थँक यू फॉर सिटिंग विथ माय सन." एक मोठा श्वास. "व्हेन ही डाइड."

पलीकडे ती बाई रडायलाच लागली. रडत रडत बरंच बोलली, भरतेश तिला वडिलांबद्दल सांगायचा म्हणाली. तात्यांना निम्मंही कळलं नसेल. फोनपुढे हात जोडून ऐकत राहिले.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "शाब्बास, तात्या. त्या वाक्यात एक चूक नाही."

ते बाकावर बसले. "आज पयल्यांदा तोंडातनं निघालं, बाई. इंग्रजीत निघालं. मराठीत अजून न्हाई निघत."

मी काही मराठीची बाई नव्हे. तरी म्हटलं, "उद्या मंगळवार आहे. या."