मामाच्या कॅमेऱ्याचं सामान

आमच्या मामाने कॅमेऱ्याची बॅग जानेवारीत घेतली, ट्रायपॉड फेब्रुवारीत आणि कॅमेरा एप्रिलमध्ये. असं उलटं का, हे मामाला न ओळखणारेच विचारतात. त्याने अडतीस वर्षं एका पंपांच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. यंत्र येण्याआधी त्याचे सुटे भाग फळीवर हजर पाहिजेत, हा तिथला त्याचा दंडक. यंत्र काय, आज ना उद्या बंद पडणारच. तेव्हा हाताशी भाग नसला की सगळे स्टोअरवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण जित्याची खोड ती. आता आमच्या घरातलं लोखंडी कपाट हेच स्टोअर. किल्ली मामाच्या खिशात. साबणाची वडी हवी असली तरी चिठ्ठी लिहून द्यावी लागते, नाहीतर तो ऐकू न आल्यासारखा पेपर वाचत बसतो. एकदा त्याला स्वतःलाच दाढीची ब्लेडं हवी होती. त्याने स्वतःला दोन ब्लेडांची चिठ्ठी लिहिली, ती नीट वाचली, आणि एकच मंजूर केलं.

कॅमेऱ्याचं खूळ मात्र आईमुळे शिरलं. आई ही मामाची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच त्याला वाढवला. पुढे बाबा गेले आणि मामा आमच्याकडेच राहायला आला. आता आईचे गुडघे तीन जिने चढेनासे झाले होते. दादाचं घर दुसऱ्या गावात, पण तळमजल्यावर. मे महिन्यातल्या एका रविवारी ती कायमची तिकडे जायची ठरली. आणि आईचा एकही फोटो धड नाही, असं अचानक मामाच्या लक्षात आलं. कुणी "हं, तयार?" म्हटलं की आई डोळे मिटते. लग्नात मिटलेत, माझ्या बारशात मिटलेत, दादाच्या पदवीदानात तर मान पण कलली आहे. आमच्या अल्बममध्ये ही बाई चाळीस वर्षं झोपलेली आहे.

"ताई जायच्या आत तिचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो काढायचा," मामाने जाहीर केलं, आणि तो कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. हौसेने मी पण गेले.

दुकानदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, "काका, पहिलाच कॅमेरा ना? मग सोबत एक मेमरी कार्ड घ्या, एक जादा बॅटरी घ्या आणि काच पुसायला एक मऊ फडकं. बाकीचं हळूहळू."

"आणि हे काय?" मामाने विचारलं.

"धूळ उडवायचा फुगा. पण तुम्हाला इतक्यात…"

"दोन द्या."

फुगे दोन आले. लेन्सवर चढवायची काच आली. कॅमेरा अजून घेतलेलाच नसल्यामुळे तिचं माप मामाने अंदाजाने सांगितलं. ती पुढे कॅमेऱ्याला बसेना, पण मामाच्या पाण्याच्या पेल्यावर झाकण म्हणून अशी बसली की जणू कंपनीने पेल्यासाठीच काढली असावी. पावसापासून कॅमेऱ्याला झाकायची प्लॅस्टिकची टोपी आली. अकरा कप्प्यांची बॅग आली आणि तिच्यात मामाच्या रक्तदाबाच्या गोळ्या हरवल्या. त्या तीन दिवसांनी सातव्या कप्प्यात सापडल्या. ट्रायपॉडवर दोन महिने टॉवेल वाळले. आई म्हणायची, "फोटोचं राहू दे, पण ही काठी फार उपयोगाची आणलीस हो."

एप्रिलमध्ये एकदाचा कॅमेरा आला, आणि मामाने सरावाला कुकर निवडला. कारण कुकर हलत नाही आणि डोळे मिटत नाही. महिनाभर रोज सकाळी कुकरचे फोटो. बटण दाबलं की पडद्यावर कुकर दिसायचा, दोन सेकंदांनी जायचा.

"कुठे गेला रे?" आईने विचारलं.

"आत गेला," मामा म्हणाला.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लुकलुकायचं. मी ते दाखवलं तर मामा म्हणाला, "सूचना असते ती. अडतीस वर्षं मी स्टोअरच्या दारावर सूचना लावल्या, एकाने वाचली नाही. आता मी कशाला वाचू?"

रविवार उजाडला. दहाला टॅक्सी येणार होती. आठ वाजता मामाने आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, ट्रायपॉडवरचा टॉवेल काढला, दोन्ही फुग्यांनी लेन्सवर वारा घातला आणि सुरुवात केली. "हं, तयार?" म्हणायचं नाही, असं मी त्याला बजावलं होतं. तो नुसताच खोकायचा. चार फोटोंनंतर आईला खोकलाही ओळखू यायला लागला. पण मामा हटला नाही. चाळीस फोटो काढले, आणि त्यांतल्या तीन-चारांत, पडद्यावर मी स्वतः पाहिलं, आईचे डोळे टक्क उघडे होते. मामाने खोलीत चक्क उडी मारली. बासष्टाव्या वर्षी.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. "जाता जाता मला बघू तरी दे," आई म्हणाली. मी फोटो बघायचं बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. मग मी कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं वाचली.

"मामा, यात कार्डच नाहीये! कार्ड कुठंय?"

"स्टोअरमध्ये," मामा शांतपणे म्हणाला. "एकच घेतलंय ना. शेवटचा नग स्टोअरबाहेर जात नाही. त्याच्या बदली दुसरा आल्याशिवाय द्यायचाच नाही, नियम आहे. दुसरं कार्ड मागवलंय, मंगळवारी येईल."

"अरे, मग हे सगळे फोटो?"

मामाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आत गेले ना?" तो म्हणाला. महिनाभराचे कुकर त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असणार. मला त्याचा इतका राग आला होता की तो ट्रायपॉड उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला. खालून पुन्हा हॉर्न.

"कपाट उघड," मी म्हटलं.

त्याने किल्ली काढली, कपाट उघडलं, कार्डाचं पाकीट हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. नियम मोडायला हात धजेना. "मंगळवारी…" तो पुटपुटला.

आई तोवर पिशवी घेऊन दारापर्यंत गेली होती. ती वळून म्हणाली, "काय रे, शेवटचा नग बाहेर जात नाही म्हणतोस, मग मला बरा जाऊ देतोयस? माझ्या बदली दुसरी ताई मागवलीयस वाटतं? तीही मंगळवारीच येणार का?"

आणि स्वतःच्याच विनोदावर ती खदखदून हसायला लागली.

मामा मात्र हसला नाही. आयुष्यभर तुटक रेघेवरून कात्रीने पाकिटं कापणाऱ्या त्या माणसाने ते पाकीट दातांनी फाडलं. कार्ड आत सरकवलं. ट्रायपॉड नाही, फुगा नाही, खोकलासुद्धा नाही. गाल ओले झाले होते. त्याने बटण दाबलं.

फोटो थोडा तिरका आला आहे. दाराची चौकट, आईच्या हातात पिशवी, आणि ती हसते आहे, डोळे उघडे ठेवून, सरळ मामाकडे बघत.

"अगं बाई, मी अशी दिसते?" आई म्हणाली.

"अशीच दिसतेस," मामा म्हणाला, आणि पिशवी तिच्या हातातून घेऊन जिना उतरायला लागला.

मंगळवारी दुसरं कार्ड आलं. ते मामाने कॅमेऱ्यात घातलं, आणि आता तो ऊठसूट सगळ्यांचे फोटो काढतो, माझे, शेजाऱ्यांचे, कुकरचेही. पहिल्या कार्डावर हजारो फोटोंची जागा आहे असं दुकानदार सांगतो. त्यावर एकच फोटो आहे, आणि ते कपाटात कुलूपबंद आहे. परवा मी बघायला मागितलं, रीतसर चिठ्ठी लिहून. मामाने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि पेपर वाचायला लागला.