बेचाळीसपैकी कोण?

वैजयंती पेडणेकर, माहेरची कुबल, मालवणची. लंडनला एजवेअरच्या ट्यूब स्टेशनवर, भुयारी रेल्वेच्या तिकीट खिडकीत, ती सोळा वर्षं बसली. चिडकी म्हणून ती सगळ्या एजवेअरला ठाऊक होती, पण २००४च्या उन्हाळ्यानंतर तिचा सगळा राग एकाच जागी जाऊन बसला.

त्या उन्हाळ्यात ती मुलीला, ईशिताला, घेऊन कॉर्नवॉलला गेली होती. तिथल्या बंदरावरच्या छोट्याशा म्युझियममध्ये एका जहाजाची घंटा ठेवलेली होती. जहाज १९२१ साली धुक्यात खडकावर आपटून बुडालेलं. शेजारच्या बोर्डावर लिहिलं होतं की, हिंदी खलाशांनी बायकामुलांना ढकलून होड्या बळकावल्या.

जहाजाचं नाव वैजयंतीनं पुन्हा एकदा वाचलं. तिचे आजोबा, बाबल कुबल, त्याच जहाजावर आगवाले होते. भट्टीत कोळसा टाकायचं काम. ते वाचले, गावी परतले, पण नोकरीच्या कागदावर 'पळपुटा' असा शेरा पडलेला. पुन्हा कुठल्याच जहाजानं त्यांना घेतलं नाही. गावात लोक तोंडावर हसायचे. ते मरेपर्यंत एवढंच सांगत राहिले, "सायबानच आमका होडयेत घातल्यान. वल्हवूक."

घरात कुणी त्यावर फारसा विश्वास ठेवला नव्हता. वैजयंतीनंही नाही. तिला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

मग सुट्टीच्या दिवशी मायलेकी लंडनमधल्या क्यू या भागातल्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन, जहाज बुडाल्यावर झालेल्या चौकशीचे जुने कागद वाचू लागल्या. एकतीस साक्षी झाल्या होत्या. वाचलेल्या बेचाळीस हिंदी खलाशांपैकी एकाचीही नव्हती. चौकशी सुरू व्हायच्या आधीच त्यांना मुंबईला धाडून दिलं होतं.

एका दुपारी ईशितानं पान पुढे सरकवलं. "आई, ही साक्ष वाच. ऑफिसर स्वतःच सांगतोय."

जहाजाच्या त्या सेकंड ऑफिसरनं म्हटलं होतं की, प्रवासी होडीत उतरायला घाबरत होते, म्हणून वल्ही मारायला त्यानंच आगवाल्यांना होडीत उतरवलं. दोन प्रवाशांनी याच्या उलट सांगितलं होतं. एका वेटरनं तर एका खलाशाला म्हाताऱ्याला लाथ मारताना पाहिलं होतं. वैजयंतीनं तेही लपवलं नाही. सगळ्याच्या प्रती काढून ती म्युझियमच्या अध्यक्षांसमोर जाऊन बसली.

ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, गावातल्या जुन्या कुटुंबांच्या भावनांचा प्रश्न आहे, आणि इतक्या वर्षांनी खरं काय ते कोण सांगणार?

"मग तुम्ही कसं सांगितलंत?" वैजयंतीनं विचारलं. तिनं खलाशांची यादी टेबलावर ठेवली. "बेचाळीस नावं आहेत. ढकललं कुणी, त्याच्या नावावर बोट ठेवा. मी मुकाट्यानं घरी जाते."

अध्यक्षांनी यादीला हात लावला नाही.

बोर्ड बदलायला तीन वर्षं लागली. २००७मध्ये नवा लागला: खलाशांच्या वागण्याबद्दल आरोप झाले होते, ते वादग्रस्त आहेत. ईशिता खूश झाली. वैजयंतीनं मात्र समारंभात चहाही घेतला नाही. आरोप केले कुणी, साक्ष नाकारली कुणाची, यातलं काहीच बोर्डावर नव्हतं. माफीचा तर शब्दही नव्हता.

घरी येऊन तिनं नवं पत्र लिहायला घेतलं. बेचाळीसही नावं बोर्डावर लावा, अशी मागणी केली. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरं लिहिलं. २००९मध्ये ती नोकरीतून निवृत्त झाली. त्या वर्षी तिनं सातवं पाठवलं.