मामासोलीच्या चहाखान्यातली हजेरी

फरगाना खोऱ्यातल्या एका मोहल्ल्यात मामासोली एकवीस वर्षं चहाखाना चालवत होता. जागा सरकारी, शेगडीचा गॅस सरकारी, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर सगळं सत्तरीच्या पुढचं. सकाळी येऊन बसले की दुपारच्या पुलावापर्यंत ढिम्म हलायचे नाहीत. मामासोली मात्र दिवसभर भिंगरीसारखा फिरे आणि जाता जाता टोमणे मारी: तुमच्यावर धूळ बसायला लागलीय, फडकं मारू का?

हिवाळ्याच्या तोंडावर नगरपालिकेने समोरासमोरच्या भिंतींवर दोन डब्या ठोकल्या. एकीतून वायफायच्या लहरी निघत, दुसरीत पोचत. मधे माणसं हलली की लहरी विस्कटत, त्यावरून डोकी किती त्याचा अंदाज. ज्या जागेत माणसं येतात तिलाच यापुढे गॅस. ज्याच्याकडे फोन नाही तोही मोजला जाईल, असं कळल्यावर मामासोली निर्धास्त झाला. भाबडाच तो!

फेब्रुवारीत झुलहुमोर नावाची तरुण इंजिनियर कागद घेऊन आली. दिवसभरात माणूस एक, जागा बंद. समोर तेरा म्हातारे आणि चौदावा मामासोली बघून तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तासन् तास बसलेला माणूस लहरींच्या लेखी खांबच, हे तिला तिथे उमगलं. पण साहेबांना कागद लागतो, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते नाही, ती म्हणाली. मामासोलीने वळून म्हाताऱ्यांकडे पाहिलं. या म्हाताऱ्यांचे मुलगे रशियात, सुना कामावर. इथे कुलूप लागलं तर यांनी दोन शब्द बोलायचे कुणाशी?

तो कागदावर वाकला. रोज साडेबाराला रेघ एकदम वर उडत होती. त्याने विचारलं, तर ती म्हणाली, तो यंत्राचा दोष, असे आकडे आम्ही गाळतो.

"दोष कसला पोरी, ती आमची दुआ. जेवण झालं की हात वर करतो, तोंडावरून फिरवतो आणि सगळे एकदम उठतो."

तिने गाळलेले आकडे परत घेतले आणि तिथेच बसून नवा कागद केला. गॅस राहणार होता. मामासोलीचं बोट मात्र रेघांवरच फिरत होतं. नोव्हेंबरात सतरा. डिसेंबरात सोळा.

"हा सोतवोल्दी गेला तेव्हा," तो म्हणाला. मग पंधरा. "हा कोझिम." मग चौदा. तिथे त्याचं बोट थांबलं.

"आणि हा कोण, काका?" तिने हळूच विचारलं.

"माझा थोरला भाऊ." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "पुढच्या वर्षी आकडा आणखी उतरला, तर माणसं यायची बंद झाली असं नको लिहूस."