ओढणीची गाठ आणि काकींचा बसलेला घसा

मला श्वास घ्यायला शिकवणारी बाई श्वास पुरेना म्हणून गेली.

आज वर्ष झालं. माझा राग काही गेलेला नाही.

काकींचं घोडेगावात कापडाचं दुकान. रोज सकाळी शाळेच्या ग्राउंडवर एका कोपऱ्यात चटई टाकून प्राणायाम करायच्या. दुसऱ्या कोपऱ्यात आम्हा मुलींची कबड्डी.

मी तेव्हा नववीत. पाय चपळ, पण चढाईत दम मधेच तुटायचा.

आमचे कबड्डीचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा दम लई कमी हाय. टीममधनं काढावी लागंल."

नाव गेलं असतं तर घरच्यांनी माझं ग्राउंडच बंद केलं असतं. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत बसले.

काकी तिथे आल्या. सांत्वन वगैरे काही नाही. थेट माझ्या ओढणीला हात घातला.

"ही गाठ कुणी मारली?"

"मीच. भिंतीवर पोरं बसत्यात ना, काकी."

आम्ही सगळ्याच टी-शर्टवरून ओढणी छातीला आवळून कमरेला गाठ मारायचो. शिवाय पोट आत ओढून धरायचं. घरी तसंच शिकवलेलं, आणि सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"मग श्वास जाणार कुठं? डोक्यात?"

एवढं बोलून त्या भिंतीकडे वळल्या आणि अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "उतरा रे! एकेकाच्या आईला ओळखते मी!"

पोरं पसार.

त्या दिवसापासून आमचा छळ सुरू. उताणं पडायचं, पोटावर वही ठेवायची, श्वास घेतला की वही वर आली पाहिजे.

पायाचे अंगठे धरायचे तर श्वास सोडत सोडत वाकायचं. "कोंडून वाकलीस तर अंग लाकूडच राहणार, पोरी!"

शेवटी भ्रामरी, म्हणजे एका श्वासात पुरेल तेवढा वेळ भुंग्यासारखं गुणगुणायचं. आमचे आवाज एकेक करून तुटायचे, काकींचा आपला चालूच. जाम वैताग यायचा.

पण दोनेक महिन्यांत माझे हात अंगठ्यांना लागले. चढाईत दम पुरायला लागला. नाव टीममध्ये राहिलं. आज त्याच ग्राउंडवर मी मुलींना शिकवते, ते त्यामुळेच.

आता राग कशाचा, ते सांगते.

जायच्या आधी काही महिने भ्रामरीत काकींचा आवाज मुलींच्याही आधी तुटायला लागला होता.

मला ते ऐकू आलं होतं. मला, कोचला!

मी काय म्हणाले? "काकी, म्हाताऱ्या झालात!"

"गप गं. घसा बसलाय."

आणि मी हसले. विषय संपला.

मग एक दिवस त्या दुकानाच्या जिन्यातच खाली बसल्या, त्या उठेनात. पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं कडक झालीत. बरेच महिने त्रास असणार. इतके दिवस काय करत होतात?"

त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी फरशीकडे.

नर्सने तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, श्वास ओढला की गोळ्या वर जातात ते. काकींनी ओढलं. एकही गोळी हलली नाही.

"बिघडलेलं दिलंय," मला म्हणाल्या. "जा, बदलून आण."

दुकानात 'विकलेला माल बदलून मिळणार नाही' अशी पाटी लावणारी बाई!

मी खरंच जाऊन दुसरं आणलं. तेही बिघडलेलंच निघालं.

आम्हाला पोट सोडून श्वास घ्यायला लावलात, काकी. आणि स्वतःचं दुखणं तेवढं झाकून ठेवलंत. काय म्हणायचं याला?

तर आता ग्राउंडवर माझा एक नियम आहे. दर सोमवारी भ्रामरी, सगळ्यांनी. मुलींनी, मी, आणि आता रिटायर झालेल्या पण रोज टपकणाऱ्या आमच्या त्या सरांनीसुद्धा.

या सोमवारी सरांचा आवाज सगळ्यात आधी तुटला.

"काय न्हाई गं. घसा बसलाय."

मी गाडीची किल्ली घेतली आणि सरळ दवाखान्यात नेलं. सर रस्ताभर माझ्या नावानं खडे फोडत होते. छातीचा फोटो, तपासण्या, सगळं करून घेतलं.

काही निघालं नाही. साधा घसाच बसला होता. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत.

नका बोलू.

काकी, तुमच्या वेळी मी एवढंच करायला हवं होतं.

मनापासून श्रद्धांजली. राग आहे तो आहेच.